पाण्याखालचा श्वास (भाग ६) : टायरची हवा आणि श्वासाची हवा

फिलिपाईन्समध्ये मासेमारीच्या छोट्या होड्यांवर इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक कॉम्प्रेसर दिसतो. आपल्याकडे पंक्चरवाल्याकडे असतो, साधारण तसाच. त्याची बारीक प्लॅस्टिकची नळी दातांत धरून कोळी पाण्यात उतरतो. रेग्युलेटर वगैरे काही नाही. हवा सतत वाहते, तो लागेल तेवढी ओढतो.

मागच्या भागातलं दाबाचं गणित लावलं तर हा जुगाड चुकत नाही. २० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ३ बार. टायरचा कॉम्प्रेसर ८ बार सहज देतो. घरी कॉम्प्रेसर बनवायला निघालेला माणूस फसतो तो इथेच. काटा वर चढला की त्याला वाटतं, जमलं!

दाबाबरोबर नळीतून आणखी काय येतं? सगळ्यात वाईट कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. इंजिनाचा धूर वाऱ्याने हवा ओढणाऱ्या तोंडाकडे वळला की तो थेट नळीत शिरतो. पण धूर दूर ठेवला, विजेची मोटर लावली, तरी सुटका नाही. कॉम्प्रेसर फार तापला तर आतलं वंगण तेलच करपतं आणि हा वायू तिथेच तयार होतो. शिवाय खोली त्याचा परिणाम वाढवते. वर दहा लाखांत १० भाग असलेला मोनॉक्साइड ३० मीटरवर ४० भागांइतका जाचतो. युरोपच्या मानकात श्वासाच्या हवेत तो ५ भागांपर्यंतच चालतो.

पाठीवरचं सिलिंडर भरायचं तर दाब २०० बार लागतो. एकाच दट्ट्याने, मध्ये गार न करता हवा एवढी दाबली, तर गणिताने तापमान हजार अंशांपलीकडे जातं. डिझेल इंजिनात इंधन ठिणगीशिवाय पेटतं ते याच तत्त्वावर. म्हणून हे काम तीन किंवा चार टप्प्यांत करतात. दर टप्प्याला दाब सहाएक पट वाढवायचा, मग वेटोळ्या नळीतून हवा गार करायची, मग पुढचा दट्ट्या.

गार झाली की हवा पाणी सोडते. कोकणातल्या दमट दिवशी १० लिटरचं सिलिंडर भरायला सुमारे २ घनमीटर हवा लागते आणि तिच्यात ५० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. बरंचसं पाणी खालच्या नळातून अधूनमधून सोडून देता येतं. उरलेली वाफ शोषायला मॉलिक्युलर सीव्ह, तेलाच्या वाफेला आणि वासाला सक्रिय कोळसा, आणि मोनॉक्साइडसाठी हॉपकॅलाइट. मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचं हे मिश्रण पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचावासाठी तयार झालं. ते मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतं, पण ओल लागली की निकामी होतं. त्यामुळे क्रम उलटा लावून चालत नाही, हवा आधी वाळवायची आणि मगच हॉपकॅलाइटमधून न्यायची. गाळणीनंतर दाब टिकवणारी झडपही हवी. कमी दाबाची हवा झरझर निसटली तर ओल नीट शोषली जात नाही. हौशी मंडळी नेमकी हीच झडप गाळतात. ती बाहेरून काहीच करताना दिसत नाही ना!

दट्टे, पट्टा, मोटर, गार करायच्या नळ्या हे सगळं चांगला फिटर जुळवू शकतो. गाळणीचं तसं नाही. तिचा माल संपला तरी हवा पूर्वीसारखीच येत राहते आणि काट्यावर काहीच कळत नाही. तेव्हा यंत्र घरी बांधायचंच असेल तर बांधा, पण गाळणीचं काडतूस तयार आणि मानकाचं घ्या, ते चाललेल्या तासांच्या हिशेबाने बदला आणि हवेची प्रयोगशाळेतली तपासणी झाल्याशिवाय त्या नळीला तोंड लावू नका.