शौचातलं रक्त: दूध की गाठ?

बारामती-इंदापूर हा दुधाचा पट्टा. पहाटे डेअरीत कॅन लागतात, लहानग्याच्या वाटीतही गाईचंच दूध. काही तान्ह्यांना त्यातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते, ते सोसत नाही; शौचात रक्ताचे धागे दिसतात.

पण त्याहून मोठ्या, २ ते १० वर्षांच्या मुलाला न दुखता लालभडक रक्त पडलं, तर आतड्यातल्या गाठीची, म्हणजे पॉलिपची शंका घ्यावी. देठाला लोंबणाऱ्या द्राक्षासारखी ती असते; बहुधा एकच, कर्करोगाची नव्हे. दुर्बिणीतून तारेचा फास टाकून काढतात. काही गाठींत अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी सापडतात, म्हणून गाठ आणि अ‍ॅलर्जी यांच्या संबंधाची शंका. पण अ‍ॅलर्जीनेच गाठ होते, हे सिद्ध झालेलं नाही.

मूळव्याध समजून घरगुती औषधं देत बसू नका, मनानेच दूधही तोडू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.