पडद्यावरील तोतये

वर्तकनगरांतील आमच्या घरीं दुपारीं दोनच्या सुमारास थोरल्या वहिनी संगणकापुढें बसून कीर्तन ऐकतात. २०२५ च्या आषाढांत एके दिवशीं त्यांनीं आंतून हाक मारिली, "भावोजी, बुवा मध्येंच थांबले, आणि 'तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला, नवा घ्या' म्हणून हा दरडावतो आहे. घेऊं का?" आम्ही उठून जाईपर्यंत त्यांनीं 'होय' म्हणून टाकिलेंहि होतें. एक फाईल उतरून आली. पाठोपाठ दुसरी खिडकी उघडली, आणि 'आपला संगणक बिघडला आहे, अमुक क्रमांकावर तत्काळ दूरध्वनि करा,' असा हुकूम सुटला. आमचें निवृत्तिवेतन व वहिनींचें कुटुंब-निवृत्तिवेतन ज्या बँकेंत जमा होतें, तिचें खातें आम्ही त्याच संगणकावर पाहतों. त्या क्षणीं आम्हां उभयतांची अवस्था काय झाली असेल, हें निराळें सांगावयास नको.

हा जुना संगणक मोडींत जाणार होता. पुण्यास असणाऱ्या पुतण्यानें त्यावर लिनक्स मिंट घालून तो पुन्हा चालता केला होता. त्यास विचारिलें. तो म्हणाला, "काका, आधीं तो नंबर फिरवूं नका. फाईल उघडूं नका, खिडकी मिटा." खिडकी मिटतांच बुवा अडलेल्या शब्दापासून पुढें बोलूं लागले. अडलें कांहींच नव्हतें! उतरलेली फाईल विंडोजसाठीं बनविलेली होती, म्हणून आमच्या यंत्रांत ती निपचित पडून राहिली. हा आमच्या शहाणपणाचा प्रताप नव्हे, योगायोगाचा होय. 'लिनक्सला कांहीं होत नाहीं' असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु तो दूरध्वनि आम्हीं केला असता, तर पलीकडच्या माणसास आमच्या यंत्राची जात विचारण्याचें कारणच पडलें नसतें. पैसे माणूस देतो, यंत्र देत नाहीं.

मौज अशी कीं, जो फ्लॅश प्लेअर नवा करण्याचा आग्रह चालला होता तो केव्हांच इहलोक सोडून गेलेला आहे. अडोबी कंपनीनें ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्याचा सांभाळ संपविला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो चित्रें दाखविण्यासच नकार देऊं लागला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचें नांव सांगत तोतया निघाला व भल्याभल्यांस फसवूं शकला, याचें कारण भाऊ परत यावेत अशी लोकांची मनापासून इच्छा होती. येथेंहि तोतयास थारा मिळतो तो जुन्या संवयीमुळें. कारण एके काळीं ही मागणी खरीच होती.

'प्लगिन' म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेलें उपांग. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें, म्हणून हा शब्द आम्हांस सोयीचा वाटतो. ब्राउझरला स्वतःस चलच्चित्र दाखवितां येत नसे, तें काम हीं उपांगें करीत. त्यांत छिद्रें सांपडत, आणि चोर त्यांतून आंत शिरत. म्हणून तीं वारंवार नवीं करावीं लागत. लिनक्सवाल्यांची ह्यांत विशेष कुचंबणा झाली. २०१२ सालीं अडोबीनें ठरविलें कीं, लिनक्सवर ११.२ ही फ्लॅशची शेवटची आवृत्ति. पुढें केवळ छिद्रें बुजविलीं जातील, आणि नवी आवृत्ति हवी त्यानें क्रोम ब्राउझर घ्यावा. फायरफॉक्स वापरणारे ह्याप्रमाणें चार वर्षें ताटकळले. पानें सांगत 'नवें घ्या', आणि घ्यावयास नवें कांहीं नसे! २०१६ च्या डिसेंबरांत एकदम चोविसावी आवृत्ति आली खरी, पण तोंवर जगानें रस्ता बदलला होता. २०१५ च्या जानेवारींत यूट्यूबनें फ्लॅश बाजूस सारून ब्राउझरच्या अंगच्या शक्तीनेंच चित्रें दाखविण्यास आरंभ केला होता. मार्च २०१७ मध्यें फायरफॉक्सनें फ्लॅशखेरीज सर्व जुनीं उपांगें तोडलीं, आणि २०२१ च्या जानेवारींत फ्लॅशहि तोडला.

मग आज नवें ठेवावयाचें तें काय? फायरफॉक्समध्यें कंट्रोल, शिफ्ट व ए ह्या कळा एकत्र दाबून 'प्लगिन' ह्या सदरांत पाहावें. तेथें सिस्को कंपनीचें 'ओपनएच२६४' दिसतें. समोरासमोर बोलण्याच्या दूरदर्शनी भेटींत त्याचा उपयोग होतो. दुसरें गूगलचें 'वाइडवाइन', कुलुपबंद चित्रपट उघडणारें. तें घेण्यापूर्वीं ब्राउझर आपली अनुमति विचारतो. हीं दोन्ही ब्राउझर आपली आपण नवीं करितो. परंतु कित्येक चलच्चित्रांचा उलगडा करणारी 'एफएफएमपेग' ही सामग्री लिनक्सवर ब्राउझरच्या पोटांत नसते, ती खुद्द संगणकप्रणालीची असते. ती नसेल तर तीं चलच्चित्रें चालत नाहींत, आणि ती नवी होते ती प्रणालीच्या 'अपडेट मॅनेजर'मधूनच. मिंटमध्यें खालच्या पट्टीवर ढालीचें चिन्ह असतें, तेंच ह्याचें द्वार. फायरफॉक्सदेखील तेथूनच येतो. कोणतेंहि वेबपान ह्या कामीं अधिकारी नाहीं, मग तें कितीहि गोड बोलो वा डोळे वटारो.

ह्या प्रकरणांत आमची स्वतःची एक चूक उघडकीस आली, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. पुतण्यानें ढाल उघडावयास सांगितली तेव्हां ध्यानांत आलें कीं, कित्येक आठवडे तिच्यांत नवें असें कांहीं आलेंच नव्हतें. आमच्याकडे मिंटची विसावी आवृत्ति होती, आणि तिचा सांभाळ त्याच वर्षींच्या एप्रिलांत संपला होता. आम्ही मात्र ढाल गप्प आहे म्हणजे सारें क्षेम आहे, असें समजून होतों! विद्यार्थी वर्गांत गप्प बसला म्हणजे त्यास धडा समजला, असें आम्हीं शाळेंत कधीं मानिलें नाहीं. येथें मात्र मानिलें.

दिवाळींत पुतण्या आला तेव्हां दोघांनीं बसून आधीं एकविसावी व मग बाविसावी आवृत्ति चढविली. थेट उडी घेतां येत नाहीं. ह्या बाविसाव्या पिढीचा सांभाळ २०२९ पर्यंत आहे. आरंभीं 'टाइमशिफ्ट'नें प्रणालीची प्रत काढून ठेविली. परंतु ती प्रत केवळ प्रणालीची असते, आपले कागद व ध्वनिमुद्रणें तींत सहसा नसतात. हें आधींच कळलें म्हणून बरें. वहिनींनीं जमविलेलीं कीर्तनें निराळ्या डिस्कवर उतरून घेतलीं, त्यांतच सबंध दुपार गेली. वहिनी शेजारीं बसून कोणतें राहिलें व कोणतें आलें तें सांगत होत्या.

हल्लीं ढालीवर नारिंगी ठिपका आला कीं त्या आम्हांस हाक मारीत नाहींत. परवां आम्हीं सहज पाहिलें, तर सांकेतिक शब्द घालून त्यांनीं सारें उतरवून घेतलें होतें, आणि बुवांचा पूर्वरंग अर्धा झाला होता.