तारेविना तारेचा स्वर

तार छेडली की छेडलेल्या जागेपासून दोन लाटा निघतात, तारेच्या दोन्ही टोकांवर आपटून परततात आणि पुन्हा निघतात. सेकंदाला अशा जितक्या फेऱ्या होतात, तितकी तारेची कंपनसंख्या. प्रत्येक फेरीत लाट थोडी ऊर्जा गमावते, म्हणून आवाज विरत जातो. शाळेत शिकवले जाणारे हे भौतिकशास्त्र संगणकात तारेशिवाय कसे उतरवता येईल?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील केविन कारप्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती थक्क करण्याइतकी सोपी आहे. शंभर कशाही निवडलेल्या संख्या रांगेत ठेवायच्या. पहिली बाहेर काढून ध्वनिवर्धकाकडे पाठवायची. ती आणि तिच्या मागची यांची सरासरी काढून रांगेच्या शेवटी जोडायची. एवढेच, पण सेकंदाला ४४,१०० वेळा. सुरुवातीची खरखर क्षणात निवळते आणि छेडलेल्या तारेसारखा स्वर ऐकू येतो.

ही किमया सरासरीची आहे. शिक्षकांनी ती वर्गात करून पाहावी. आठ मुलांची रांग करून त्यांना ८, -८, ८, -८ अशा चिठ्ठ्या द्या. एका फेरीनंतर सात जणांकडे शून्य येईल आणि शेवटच्याकडे -४. आता पहिल्या चौघांना ८ आणि पुढच्या चौघांना -८ द्या. एका फेरीनंतर रांग अशी दिसेल : ८, ८, ८, ०, -८, -८, -८, ०. म्हणजे झपाट्याने बदलणारे कंपन जवळजवळ नाहीसे झाले, संथ कंपन मात्र टिकले. खऱ्या तारेतही वरचे उपस्वर आधी विरतात आणि मूळ स्वर रेंगाळतो.

शिवाय द्विमान पद्धतीत निम्मे करणे म्हणजे अंक एक घर सरकवणे. गुणाकार कुठेच लागत नाही. त्या काळच्या संथ सूक्ष्मप्रक्रियकांना हे मोठेच वरदान होते.

अडचण निघाली ती सुरांची. सरासरीमुळे अर्ध्या घराचा विलंब वाढतो. म्हणून कंपनसंख्या काढताना ४४,१०० ला १०० ऐवजी १००.५ ने भागावे लागते. उत्तर सुमारे ४३९ येते. रांगेत ५० संख्या असतील तर कंपनसंख्या ८७३ आणि ४९ असतील तर ८९१. मधला स्वर मिळतच नाही, कारण साडेएकोणपन्नास मुलांची रांग करता येत नाही! या दोन स्वरांचे गुणोत्तर १.०२ आहे. ८१/८० या प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर १.०१२५, म्हणजे त्याहून लहान. श्रुतीचा भेद ओळखणारा कान हे खपवून घेणार नाही, आणि मींड तर अशक्यच.

यावर तोडगा त्याच वर्षी डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी दिला. जॅफी संगीतकार, स्मिथ विद्युत अभियंता. रांगेनंतर त्यांनी एक गाळणी बसवली. ती सर्व कंपने सारख्याच जोराने पुढे जाऊ देते, पण त्यांना घराच्या अपूर्णांकाइतका उशीर करते. दूरध्वनीच्या तंत्रात असल्या गाळण्या जुन्याच. त्यांनी सूर लावता येतो हे सुचायला दोघे एकत्र यावे लागले. स्मिथ यांनी पुढे विस्तारलेल्या याच विचारावर यामाहाचे व्हीएल-१ हे वाद्य १९९४ मध्ये आले.

तंबोरा मात्र या युक्तीला दाद देत नाही. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा निष्पंद येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असे नियम सांगतो. तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले. कारण घोडीच्या वक्र पृष्ठावर तार दर कंपनात टेकते आणि सुटते, त्यामुळे ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे वळत राहते. मिरजेचा कारागीर जवारी काढतो, तंबोरा लावणारा तारेखाली सूत सरकवतो, ते याचसाठी. नुसती सरासरी उपस्वर फक्त विझवते. जवारी त्यांना पुन्हा पेटवते. म्हणून संगणकावर तंबोरा घडवायचा तर तार घोडीला नेमकी कधी टेकते, याचे गणित प्रत्येक क्षणी नव्याने मांडावे लागते.