लग्नाच्या दोन तारखा



मागच्या पेसाखला आमची नात शाळेसाठी वंशावळ करत होती. कागदपत्रांची पेटी उघडली आणि तिने विचारलं, "आजी, तुमचं लग्न ऑगस्टात झालं ना? मग या दाखल्यावर फेब्रुवारी कसा?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

हकिगत अशी. 1973 साली आम्ही ब्रिस्टलला, एक इस्पितळात, एक कारखान्यात. भाड्याची खोली मिळत होती, पण घरमालकीण म्हणाली, आधी लग्नाचा दाखला दाखवा. तेव्हा इथे लायसन्सने लग्न करता येई. दोघांपैकी एकाने त्या भागात पंधरा दिवस राहिलेलं असावं, रजिस्ट्रारकडे नोटीस द्यावी आणि मध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा, की झालं. सोमवारी नोटीस, बुधवारी लग्न! लायसन्स नसेल तर नोटीस एकवीस दिवस ऑफिसात लागे.

क्वेकर्स फ्रायर्सच्या रजिस्टर ऑफिसात दोन मैत्रिणी साक्षीला आल्या. ना मेंदी, ना मलिदा, ना केतुबा. ऑगस्टअखेर मुंबईला सिनेगॉगमध्ये हुप्पाखाली लग्न झालं, तेच आम्ही खरं मानलं. त्या बुधवारचं आईला मात्र कधी सांगितलं नाही.

लायसन्सची ही पद्धत 1 जानेवारी 2001 पासून बंद झाली. आता दोघांनाही नोटीस द्यावी लागते आणि निदान 28 दिवस थांबावं लागतं.

मुलांनो, जुन्या दाखल्यावर 'बाय लायसन्स' दिसलं, किंवा दोघांचा पत्ता एकच दिसला, तर लगेच वाकडा अर्थ काढू नका. बोटीची तारीख, सैन्यातली रजा, नोकरी, खोली, घाईला कारणं पुष्कळ. इथल्या जुन्या सूचीत लग्नं तिमाहीप्रमाणे लावलेली असतात. 1912 पासून जोडीदाराचं आडनावही छापलेलं आहे, त्यामुळे जोडी पटकन जुळते. रजिस्टर ऑफिसचा दाखला मिळाला तरी केतुबा आणि सिनेगॉगचं रजिस्टर वेगळं शोधा. दोन तारखा निघाल्या तर दोन्ही लिहा.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. आमच्या दाखल्यावर दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे आहेत, आयांची नावं नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये आईचं नाव लिहायला 4 मे 2021 पासून सुरुवात झाली. आम्हाला ते उशिराच!

नातीने वंशावळीत दोन्ही तारखा लिहिल्या, आणि दोन्ही पणज्यांची नावंही. आईला जे सांगायचं राहिलं ते आज इथे सांगितलं. तुमच्याही घरात असं काही असेल तर मुलांना सांगून ठेवा. कागद सापडेल, पण त्यामागचं कारण तुम्हीच सांगू शकाल.