आकाशातला मोबाइल टॉवर आणि रात्रीचं गणित

फेसबुकनं जून २०१८मध्ये ‘अक्विला’ हे सौर विमान स्वतः बनवण्याचं काम थांबवलं. गूगलनं २०१४मध्ये विकत घेतलेल्या ‘टायटन एरोस्पेस’चा गाशा त्याआधीच गुंडाळला होता. तेव्हापासून एक समज रूढ झाला की, वीस किलोमीटर उंचीवर विमान फिरतं ठेवून खालच्या लोकांना ब्रॉडबँड पुरवण्याची कल्पनाच फसली. पण दोन कंपन्या बाजूला झाल्या म्हणून काम थांबलेलं नाही. एअरबसचं ‘झेफिर’ २०२२मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनातून उडालं आणि सलग ६४ दिवस हवेत राहिलं. २०२५मध्ये केनियातून निघालेल्या झेफिरनं ६७ दिवस गाठले. इंधनाचा थेंबही न वापरता आणि एकदाही न उतरता दोन महिन्यांहून अधिक काळ उडणं ही माझ्या मते आजच्या विमानविद्येतली फार मोठी मजल आहे, आणि तिची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

‘एवढ्या उंचीवरून साध्या फोनला सिग्नल कसा मिळणार?’ ही शंका नेहमी निघते. उपग्रहाशी तुलना केली की उत्तर मिळतं. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, तर ही विमानं २० किलोमीटरवरून. रेडिओलहरींची तीव्रता अंतराच्या वर्गानुसार घटते. म्हणजे तेवढ्याच ताकदीचा सिग्नल विमानातून सोडला, तर तो जमिनीवर सातशेपटींहून अधिक जोरकस मिळतो. सप्टेंबर २०२०मध्ये सॉफ्टबँकच्या एका उपकंपनीचं ‘सनग्लायडर’ न्यू मेक्सिकोच्या आकाशात सुमारे १९ किलोमीटरवर पोहोचलं आणि त्यावरच्या यंत्रणेतून स्मार्टफोनवर जपानपर्यंत व्हिडिओ कॉल झाला. सिग्नलचा प्रश्न तिथेच सुटल्यात जमा आहे.

इंटरनेट आकाशातच तयार होतं, असंही काहींना वाटतं. विमान फक्त मधला दुवा असतं. त्याच्या नजरेच्या टप्प्यात कुठेतरी फायबरला जोडलेलं भूस्थानक लागतंच. तिथून डेटा वर जातो आणि विमान तो खाली पसरवतं. त्यामुळे समुद्राखालच्या केबलची किंवा फायबरची गरज संपत नाही. जिथे टॉवर उभारणं परवडत नाही, किंवा वादळानं टॉवर पाडले आहेत, अशा जागी मात्र हा दुवा मोलाचा ठरतो. २०१७मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळानंतर पोर्टो रिकोत गूगलच्याच परिवारातल्या ‘लून’च्या फुग्यांनी हे काम करून दाखवलं. फुगा वाऱ्याबरोबर वाहत जातो, विमान ठरलेल्या जागेवर घिरट्या घालू शकतं. लूनचा कारभार २०२१मध्ये बंद झाला. त्याचा दाखला देऊन विमानांनाही मोडीत काढणं चूक आहे.

विमान एवढ्या उंचीवर म्हणजे वादळवाऱ्यात सापडणारच, हा समज तर अगदी उलटा आहे. ढग, पाऊस आणि प्रवासी विमानांची वर्दळ हे सगळं या उंचीच्या खाली असतं. तिथे वारेही तुलनेनं मंद असतात. धोका असतो तो वर जाताना आणि खाली येताना. नासाच्या ‘हेलिओस’नं २००१मध्ये जवळजवळ साडेएकोणतीस किलोमीटरची उंची गाठली होती. तेच विमान २००३मध्ये हवाईजवळ मोडून समुद्रात पडलं, आणि तेव्हा ते जमिनीपासून फार वर गेलेलंही नव्हतं. अक्विलाचं पहिलं उड्डाण जून २०१६मध्ये ९६ मिनिटं नीट चाललं, पण उतरण्याच्या अगदी तोंडावर वाऱ्याच्या झोतात त्याचा पंख मोडला.

पंख इतके नाजूक का करतात? वीस किलोमीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे सात टक्केच उरते. तेवढ्या विरळ हवेत तरंगायला पंख लांब आणि अंग हलकं हवं. झेफिरचे पंख टोकापासून टोकापर्यंत २५ मीटर आहेत आणि सगळ्या विमानाचं वजन एका धष्टपुष्ट माणसाएवढं, ७५ किलोच्या आसपास. त्यात दळणवळणाच्या उपकरणांच्या वाट्याला फक्त पाचेक किलो येतात.

बाकीच्यातला मोठा वाटा बॅटरी खाते, कारण खरी परीक्षा रात्रीची. दिवसभर सौरपट्ट्यांनी पंखे फिरवायचे, उपकरणं चालवायची आणि वर रात्रीची वीजही साठवायची. बॅटरी वाढवली तर वजन वाढतं, वजन वाढलं की वीज जास्त लागते. बाहेर तापमान उणे पन्नास अंशांच्याही खाली. रोज भरून रोज रिकामी होणारी बॅटरी हळूहळू थकते, म्हणून विमान कायमचं वर राहू शकत नाही. उत्तर युरोपात हिवाळ्याच्या लांब रात्री हे गणित पार बिघडवतात, विषुववृत्ताजवळच्या केनियात रात्र वर्षभर बारा तासांच्या आसपासच राहते.

भारतही या बाबतीत बऱ्यापैकी सोयीच्या अक्षांशांवर आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं २०२४मध्ये कर्नाटकातल्या चल्लकेरे इथे अशाच विमानाचं छोटं प्रारूप साडेआठ तास उडवलं, सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत. पूर्ण आकाराच्या विमानाला वीस किलोमीटरपर्यंत चढायचं आहे आणि तिथे पहिली रात्र काढायची आहे.