सुईची भीती आणि फ्लूची लस

फ्लूचे विषाणू सतत रूप बदलत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि सुईला घाबरणाऱ्याची धास्तीही दरवर्षी नव्याने जागी होते. काहींचा रक्तदाब सुई दिसताच किंचित वाढून एकाएकी घसरतो, मेंदूला रक्त कमी पडते व भोवळ येते. हा भित्रेपणा नव्हे, तर अनैच्छिक, म्हणजे इच्छेच्या ताब्यात नसलेली, प्रतिक्रिया होय. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८० च्या दशकात यावर स्नायुताणाचे तंत्र मांडले: मांड्या, पोट व दुसरा हात चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, सुमारे १० ते १५ सेकंद, आवळून धरायचे, मग अर्धा मिनिट सैल सोडायचे आणि हे पाचेकदा करायचे. लस टोचायचा दंड मात्र सैलच हवा, कारण ताठ स्नायूत सुई अधिक दुखते. पूर्वी भोवळ आलेली असल्यास परिचारिकेला तसे सांगून आडवे पडूनच लस घ्यावी. त्यात संकोचण्यासारखे काहीही नाही.