पट्टीवर ऑइल वाढले? आधी गाडी उभी करा!

“आपली गाडी ऑइल खात नाही!” ऊस भरायला आलेला ट्रकवाला मोठ्या अभिमानाने सांगतो आणि ऐकणाऱ्यालाही कौतुक वाटते. पण शेतकरी बंधूंनो, धडधाकट डिझेल इंजिनसुद्धा थोडेफार ऑइल खातेच. महिनाभर राबूनही पट्टीवरची पातळी तसूभर उतरली नाही, तर शंका घ्यावी. उलट ती वर चढली, तर गाडी हलवूच नये. विहिरीचे पाणी वाढले तर बरे. इंजिनातले ऑइल आपोआप वाढत नसते. त्यात दुसरे काहीतरी मिसळत असते.

हे दुसरे म्हणजे पाणी किंवा डिझेल. पाणी गेले तर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते आणि रेडिएटरचे पाणी कमी होते. डिझेल गेले तर रंग काळाच राहतो. म्हणूनच हा रोग लवकर ध्यानात येत नाही.

नुकसान काय?

घट्ट काकवीत पाणी ओतले तर ती जशी पातळ होते, तसे डिझेलने ऑइल पातळ होते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो, तो तुटतो. लोखंड लोखंडाला घासते, बेअरिंग जाते आणि शेवटी क्रँकही खराब होतो. पातळी फारच चढली तर इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून त्यावर धावू लागते. मग स्विच बंद केला तरी ते थांबत नाही. ऐन हंगामात इंजिन खोलावे लागते, पण बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

घरच्या घरी परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करा. सकाळी, इंजिन थंड असताना, पट्टी पुसून पातळी बघा. ती रोज वहीत लिहून ठेवा. हे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे द्यायला हरकत नाही. आठवड्याभरात ऑइल चढते की उतरते ते कळेल.

त्यानंतर पट्टीवरचा एक थेंब टीपकागदावर टाका. शेजारी त्याच जातीच्या नव्या ऑइलचा थेंब टाका आणि दोन्ही काही तास तसेच ठेवा. डिझेल असेल तर काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडे दूरवर पसरते. वासही घ्या. गरम इंजिन मंद चालताना ऑइलचा दाब पूर्वीपेक्षा कमी दिसतो का, तेही बघा. एकाच खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा जुळल्या, की मिस्त्रीला बोलवा.

डिझेल येते कोठून?

मिस्त्रीला सोप्या जागेपासून सुरुवात करायला सांगा. पहिला संशय फीड पंपावर. पडद्याचा पंप असेल आणि पडदा फाटला असेल, तर डिझेल सरळ चेंबरात उतरते. दुसरा संशय नोझलवर. नोझल फवारा न मारता थेंब गाळत असेल, तर न जळलेले डिझेल लायनरवरचे ऑइल धुऊन खाली जाते. अशा वेळी इंजिन अडखळते आणि धूर वाढतो. तिसरी जागा टॅपेट कव्हरखालची. काही इंजिनांत परतीचा डिझेल पाइप तेथूनच जातो. त्याचा सांधा ढिला झाला की बाहेर थेंबही दिसत नाही. शेवटी मोठा डिझेल पंप. इंजिनच्याच ऑइलवर चालणाऱ्या पंपाचे सील झिजले, तर डिझेल त्या वाटेने चेंबरात येते.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक कारण असू शकते. धुराच्या गाळणीतली काजळी जाळण्यासाठी काही इंजिने सिलिंडरात जादा डिझेल सोडतात. हे काम अर्धवट असताना गाडी वारंवार बंद केली, तर त्यातले काही डिझेल ऑइलात जाते. गाळणीचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ते काम पुरे होऊ द्या.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. ट्रकच्या चाकात साधारण १०० ते १२० पौंड हवा असते. कॉमन रेल इंजिनच्या डिझेल पाइपात २०,००० पौंडांहूनही जास्त दाब असतो. चालू इंजिनचा तो पाइप कधीही ढिला करू नका. डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. तसे झालेच तर जखम लहान दिसली तरी त्याच घटकेला दवाखाना गाठा.

दुरुस्तीनंतर

जास्तीचे ऑइल काढून पातळी जुळवली म्हणजे काम झाले, असे नव्हे. दोष दूर करा, सगळे ऑइल आणि फिल्टर बदला आणि पुढचे आठ दिवस रोज पट्टी बघा. काढलेले ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. डिझेल मिसळलेले ऑइल लवकर पेट घेते, म्हणून जवळ विडी-काडीही नको.

कारखान्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आठवडाभर ही वही लिहा. पट्टी पुसायला दोन मिनिटे लागतात. इंजिन बांधायला लागणारे दिवस आणि पैसे त्यातून वाचतात.